गोलकीपरचा स्कार्फ

मी भित्रा आहे हे सांगून कुणाला पटत नाही, कारण माझा आवाज मोठा. गेवराई तालुक्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो. पोरी माझ्या शिट्टीला घाबरायच्या आणि मी सरकारी कागदाला.

त्या दुष्काळात ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. एरवी उसाच्या गाड्यांनी भरलेला गाडीतळ मोकळा पडला आणि आमच्या मुलींना फुटबॉलचं मैदान मिळालं. सकाळी टँकर येईपर्यंत खेळायचं, टँकर आला की सगळ्या हंड्यांमागे पसार. जमीन अशी कडक, की गोलकीपरनं उडी मारली की कोपर सोललंच समजा. आमची गोलकीपर तरीही उडी मारायची. दहावीतली, संघातली एकटीच मुसलमान मुलगी. वडील कारखान्यात फिटर. डोक्याला स्कार्फ बांधून खेळायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेचं पत्र आलं आणि मी नियम शोधायला बसलो.

माझ्याकडे फुटबॉलच्या नियमांची जुनी झेरॉक्स होती. तिच्या समासात, कुठल्याशा शिबिरात ऐकलेलं, मीच लिहून ठेवलं होतं: डोक्यावर काही चालणार नाही. मी तिच्या वडिलांना भेटलो. स्कार्फ काढून खेळेल का, असं भीत भीत विचारलं. ते म्हणाले, ते तिनं ठरवायचं. तिनं ठरवलेलंच होतं, काढणार नाही. मग वडील म्हणाले, तुम्हीच एकदा वरच्यांना विचारून बघा. मी हो म्हणालो.

विचारलं मात्र नाही. तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. ते नाही म्हणाले तर? कुणी हरकत घेऊन अख्खा संघच बाद केला तर? पेपरात आलं आणि संचालकांनी मला बोलावलं तर? आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, हेही डोक्यातून जात नव्हतं. चार रात्री मला धड झोप नव्हती.

बीडच्या मैदानावर संघाची यादी भरताना तिच्या जागी मी आठवीतल्या मुलीचं नाव लिहिलं. ती पोर चेंडू आला की डोळे मिटायची. आमच्या गोलकीपरला सांगितलं, नियमात बसत नाही गं. ती पाण्याच्या कॅनशेजारी जाऊन बसली.

मग आमच्याविरुद्ध आष्टीचा संघ मैदानात उतरला. त्यांच्या गोलकीपरच्या डोक्याला काळा स्कार्फ होता. रेफ्री बाईंनी तिला जवळ बोलावलं, स्कार्फला पिन नाही ना एवढं चाचपून पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

मी संयोजकांच्या टेबलाकडे धावलो. एक नाव घाला म्हणालो. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, सामना सुरू झाला, आता यादी बदलत नाही. मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी महासंघाचं नवं नियमपुस्तक पुढ्यात सरकवलं. यादीचं त्यात होतंच. स्कार्फ चालतो, हेही होतं. तो नियम बदलून काही वर्षं झाली होती. मला माझीच इतकी चीड आली की पुस्तक मिटताही येईना.

परतताना टेम्पोत ती माझ्यासमोर बसली होती. म्हणाली, "सर, तुमी इचारलं होतं ना त्यांला?"

"नाही," मी म्हणालो.

कारखान्याच्या फाटकाशी तिचे वडील थांबले होते. साहेब लोक काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "न्हाई म्हनले, अब्बा."

ते मुलीकडे बघत राहिले. वाटलंच होतं, म्हणाले. मग माझा हात हातात घेतला.

"तुमी आमच्यासाठी लई केलं, सर."

मी मान डोलावली.