मुकी पायपेटी

लग्न लागलं त्याच दुपारी मला अमरावतीच्या स्टेशनवर आणून बसवलं. ख्रिस्ती लग्नात वाजंत्री नको असं मंडळीच्या पंचांचं म्हणणं होतं, म्हणून अप्पांनी चर्चमध्ये काही वाजू दिलं नाही. पण स्टेशन काही चर्चच्या हद्दीत येत नाही, असा हिशेब करून त्यांनी गावातला बेंडबाजा थेट फलाटावर बोलावून ठेवला होता. सासरची माणसं माना खाली घालून उभी, क्लॅरनेटवाला गाल फुगवून वाजवतोय, आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, मिशन दवाखान्यातले कंपाउंडर, चारचौघांत डोळे मिटून मांडीवर ठेका धरतायत. रडायचं राहिलं बाजूला, मला हसूच आलं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "सुमे, गाडीचा ठेका आइक. बडनेऱ्यापर्यंत एक हाय, मंग मोठ्या लाइनीवर बदलते." बडनेऱ्याला आम्ही दुसऱ्या गाडीत बसलो. ठेका खरंच निराळा निघाला, आणि तिथं मात्र मला रडू आवरेना.

तुम्ही म्हणाल, अमरावती ते अकोला, हे काय देशोधडीला लागणं झालं? आपल्या मिशन कंपाउंडातल्या पोरींपैकी कोणी अचलपूरला पडली, कोणी चांदूर रेल्वेला, आणि ज्या तिथंच राहिल्या त्यांना वाटतं की सगळीकडे सारखंच असेल. तीच घंटा, तेच गीतांचं पुस्तक, तीच मिशनची कौलं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून हे लिहायला घेतलं, गेलेल्यांसाठी आणि राहिलेल्यांसाठीही.

आमच्या अप्पांना तुम्ही सगळ्या ओळखता. रविवारी हातपेटी घेऊन येशूचं कीर्तन करणारा हा माणूस गुरुवारी दर्ग्यावर कव्वालीला हजर असायचा. गोंधळ, मोहरमचे मर्सिये, जत्रेतला खडी गंमतीचा तमाशा, साहेबाच्या बंगल्यावरचा ग्रामोफोन, काही म्हणजे काही सोडायचे नाहीत, आणि आई नसलेल्या पोरीला घरी कुठं ठेवणार म्हणून मला खांद्यावर घेऊन जायचे. कोणी नावं ठेवली की म्हणायचे, "कान काई बाटत नाई." आयुष्यभर ज्याला लोकांनी बाटगा म्हणून हिणवलं त्याच्या तोंडी ते शोभायचं. घरी आलो की ऐकलेली चाल पेटीवर काढायची. ते तोंडानं सूर सांगत नसत. बोटं कुठं पडतात ते बघ म्हणत, आणि मी बघत असे. त्यांची प्रार्थनाही अशीच साधी होती. देवानं इतके गळे केले ते काय एकच गाणं ऐकायला, असं ते देवालाच विचारत.

अकोल्याला आमचं घर म्हणजे दोन खोल्या. एका अंगाला चर्चची भिंत, दुसऱ्या अंगाला शाळेची. माझे यजमान त्या शाळेत मास्तर आणि चर्चमध्ये पाळकाचे मदतनीस. पगार मिशनचा, घर मिशनचं, पुढं पोरं झाली त्यांची शाळाही मिशनची. मला पेटी येते म्हटल्यावर चर्चमधली विलायती पायपेटी माझ्याकडे आली. पाय मारून भाता भरायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. तिची किल्ली मी कमरेला खोचली तेव्हा दागिना मिळाल्यासारखा आनंद झाला होता. अट एकच, पुस्तकातलंच वाजवायचं. ही अट मिशनच्या गोऱ्या मिससाहेबांची असती तर मी समजू शकले असते. पण ती घातली होती दाऊदकाकांनी, म्हणजे मंडळीच्या वडील पंचांनी. ढोलकीचा ठेका कानावर पडला की माणसांना जुने देव आठवतात, असं त्यांचं ठाम मत.

आणि कंपाउंडाच्या पलीकडे काय नव्हतं सांगा! जीनच्या कारखान्याच्या भोंग्यानंतर कापसातली सरकी काढून दमलेल्या बाया गात घरी जायच्या. मागच्या दर्ग्यावरून कव्वाली यायची. श्रावणात ढोल असे घुमायचे की ताटं थरथरायची. लग्नसराईत बेंडबाजे आमच्या फाटकावरूनच जायचे. सगळं माझ्या दारावरून जायचं आणि मी आत. मास्तरीणबाई गंमतीच्या गर्दीत उभी दिसली तर मास्तरांनी पोरांना काय शिकवायचं? सासूबाई, देवभोळ्या बिचाऱ्या, खिडकीची झडप लावून घ्यायच्या. अमरावतीत मला कधी भिंत दिसली नव्हती, इथं भिंतीशिवाय काही दिसेना.

मग मी एक युक्ती काढली. पायपेटीला पाय मारले नाहीत तर ती वाजत नाही. दुपारी शाळा भरलेली असताना मी सरावाच्या नावाखाली चर्चमध्ये जाऊन बसायची, पाय जमिनीवर घट्ट ठेवायची आणि बोटांनी सगळं वाजवायची. आदल्या गुरुवारची कव्वाली, रस्त्यावरून गेलेलं बेंडचं गाणं, अप्पांची आवडती गंमतीतली गौळण. पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज. बाहेरून कोणी डोकावलं तर सून सराव करतेय असंच दिसावं. तुम्हाला हसू येईल, पण मला त्यात पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. असं मी कितीतरी वर्षं वाजवलं, आणि एका रविवारी फसले.

अर्पणाची थैली फिरते तेवढा वेळ पेटीवर काहीतरी संथ वाजवत राहायचं असतं. त्या दिवशी माझं धाकटं तापानं फणफणलं होतं, डोकं घरी होतं, आणि बोटांनी सवयीनं ती गौळण धरली. पाय मात्र रविवारच्या सवयीनं भाता मारत होते. म्हणजे मुकी पेटी बोलली! माझ्या कानांवर ती चाल आली तेव्हा मलाच आधी कळेना की हे कोण वाजवतंय. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या डोलू लागल्या होत्या. मिससाहेब प्रसन्न चेहऱ्यानं बघत होत्या, त्यांना वाटलं एखादं नवं गीत असेल. आणि पहिल्या बाकावर दाऊदकाकांच्या जोड्याचं टोक फरशीवर ठेका देत होतं.

ते टोक थांबलं आणि काकांचा चेहरा काळवंडला. त्यांनीच पंचांची बैठक बोलावली. चर्चमध्ये तमाशा झाला, म्हणाले. दुसरे पंच म्हणाले, आम्हाला तर काही वावगं वाटलं नाही, तमाशाची चाल आहे हे तुम्ही कशावरून ओळखलं? तेव्हा म्हातारा खाली बघून म्हणाला, "मले नाई समजन त कोनाले समजन? बाप्तिस्म्याच्या आधी मीच ढोलकी वाजोत होतो थ्या गौळनीवर." मास्तरांची बदली जंगलातल्या एखाद्या शाळेवर करावी, इथपर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी किल्ली काकांकडे द्यायची, रविवारी त्यांनी पेटी उघडायची आणि उपासना झाली की कुलूप लावायचं, यावर निभावलं. यजमान त्या संध्याकाळी माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चुलीपाशी बसून हळूच म्हणाले, "सुमती, हे घर आपलं नाई ना व." त्या एका वाक्यानं मला जसं बांधून टाकलं तसं कुलपानं बांधलं नव्हतं. त्यानंतर मी पुस्तकातलंच वाजवलं.

तिकडे अमरावतीत अप्पांचे कान गेले. हळूहळू गेले आणि मग पार गेले. माझ्या भावानं त्यांना नाताळानंतर थोडे दिवस माझ्याकडे आणून सोडलं. फाटकावरून बेंडबाजा जात होता आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसून होता, ते पाहून मला कसं झालं ते मी लिहू शकत नाही.

रविवारी त्यांना चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवलं. उपासना संपली, मंडळी बाहेर पडली, दाऊदकाका मागच्या खोलीत गीतांची पुस्तकं रचत होते. अप्पा काही उठेनात. पेटीकडे बोट करून म्हणाले, "मले आइकू येत नाई त काय झालं? वाजव." मी दाराकडे पाहिलं. मग पाय जमिनीवर घट्ट ठेवले आणि तीच गौळण बोटांनी काढली. त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि पेटीला आवाज नव्हता, आमचं बरं जमलं. अप्पा वाकून माझी बोटं बघत होते. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले, आणि मग ते गाऊ लागले. त्यांना बिचाऱ्यांना वाटत असेल पुटपुटतोय, पण आपला आवाज केवढा मोठा आहे हे बहिऱ्याला कसं कळणार? छताची कौलं दणाणली. मी हातानं नको नको करतेय, तर त्यांचे डोळे मिटलेले, अगदी स्टेशनवर मिटले होते तसे. बोटंही आता बघायची गरज उरली नव्हती.

दारात दाऊदकाका उभे होते, हातात किल्ली. संपलं, म्हटलं, आता घर गेलं. पण ते आत आले नाहीत. कडवं पुरं होईपर्यंत तसेच उभे राहिले, आणि उजव्या हातातली किल्ली डाव्या तळव्यावर पडत होती, नेमकी समेवर. गाणं थांबल्यावर म्हणाले, "झालं? कुलूप लावतो." मी उठले. त्यांनी झाकण खाली केलं, कुलूप लावलं आणि कोणाकडेही न बघता निघून गेले. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. अप्पांनी डोळे उघडले तेव्हा पेटी बंद होती आणि मी बाजूला उभी. ते रागावूनच म्हणाले, "काहून थांबली?"

आता अप्पा नाहीत, काकाही नाहीत. आम्ही त्याच दोन खोल्यांत आहोत, अटही तीच आहे. पोरं विचारतात, आई, तुझं घर कुठलं? मी सांगते अमरावती. पण तिथं गेले तर माझी बोटं बघून चाल ओळखणारं कोण आहे? माझं माहेर आता त्या पहिल्या बाकावर आहे. उपासना संपून सगळे बाहेर गेले की मी त्या बाकाकडे तोंड करून पाय जमिनीवर ठेवते आणि वाजवायला लागते. किल्ली आता एका तरुण पंचाकडे असते. त्याला वाटतं मी पट्ट्या पुसतेय. "पुसा काकू, सावकाश पुसा," म्हणतो आणि बाहेर थांबतो.