भाता हलवणारा हात

माझ्या हाताला गोडवा आहे असं गावात म्हणत, आणि मी ते खरं धरून चाललो होतो. अर्जुनी मोरगावजवळचं आमचं धानाचं गाव. राज्य इंग्रजांचं होतं, आणि आसपास वाजवायच्या पेट्या दोनच, एक आमची आणि एक नवेगाव बांध या गावातली. आमची पेटी जुनी, तिचा भाता ताठर. शिवाय एका हातानं भाता हलवत दुसऱ्यानं वाजवणं मला कमीपणाचं वाटे. मी दोन्ही हात पट्ट्यांवर नाचवायचो आणि माझा चुलतभाऊ मागं बसून भाता हलवायचा. कीर्तनात बुवांचा आवाज उतरला की पेटी कुजबुजायची, नामघोषात देऊळ भरून टाकायची. वाहवा मला मिळायची. भावाला मी एक पान द्यायचो.

पुढं त्याचं लग्न झालं आणि तो नवेगावला घरजावई म्हणून गेला. मी दुसऱ्या माणसाला भात्यावर बसवलं, आणि पेटीनं जे भोकाड पसरलं ते काही केल्या आवरेना. हळू वाजावं म्हणून मी पट्ट्यांना अलगद शिवायचो, मोठ्यानं वाजावं म्हणून ठोकायचो. पेटीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बुवा म्हातारे, मोतीबिंदूनं डोळे गेलेले, पण कान शाबूत. पेटीत शब्द बुडून राहिले, असं ते चारचौघांत म्हणाले. मग मंडळींनी ठरवलं की यंदाच्या सप्ताहात शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला नवेगावचा पेटीवाला आणायचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा कोण लागून गेला ते पाहायला मी एका एकादशीला पायी नवेगाव गाठलं. त्याची बोटं बेताचीच होती. दोनदा घसरली, तेव्हा मला फार बरं वाटलं. पण पेटी कुजबुजत होती, अगदी पूर्वीच्या माझ्या पेटीसारखी. पुढं सरकून पाहिलं तर भात्यावर माझा भाऊ.

तोवर मी त्या पेटीवाल्यावर जळत होतो, आता भावावर जळू लागलो. हे जळणं जास्त झोंबलं, कारण इतकी वर्षं मी खाल्लेली वाहवा त्याची होती. कीर्तन संपल्यावर त्याला तलावाच्या पाळीवर गाठलं आणि हे कसं करतोस म्हणून विचारलं.

"तू आपल्या बोटायकडं पाहून राहायचास," तो म्हणाला. "मी बुवाच्या पोटाकडं पाहायचो. त्याचा दम सरत आला का भाता ढिला सोडत जायचो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुनं कधी इचारलं?"

घरी येऊन मी डावा हात भात्यावर ठेवला. एकच पट्टी दाबायची, सूर ऐकू येईल न येईल इतका बारीक काढायचा, वाढवत न्यायचा आणि मध्ये न तोडता परत खाली आणायचा. दोन महिने दुसरं काही वाजवलं नाही. खांदा भरून यायचा आणि मी भावाला शिव्या घालायचो. त्या आवाजानं म्हैस पान्हा चोरून राहिली, अशी बायकोची तक्रार होती.

सप्ताहाचा पहिला दिवस मी हातापाया पडून मागून घेतला. एकटाच बसलो, डावा हात भात्यावर, नजर बुवांच्या पोटावर. बोटांकडं एकदाही पाहिलं नाही. बुवांनी शेवटचं चरण अगदी हलक्या आवाजात म्हटलं आणि त्यातला शब्द न् शब्द मागच्या बायकांपर्यंत पोचला. मला ते कळत होतं आणि छाती फुगत होती.

आरती झाल्यावर बुवा चाचपडत पेटीजवळ आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा भाऊ आला वाटते आज भात्यावर. त्याले काल्यापर्यंत ठेवून घे. मंग दुसरा पेटीवाला कायले पाहिजे?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण भाऊ आलाच नाही हे कळलं तर बुवा शब्द फिरवतील आणि काला हातचा जाईल या भीतीनं मी नुसतं "हो" म्हणालो.