पेटीच्या वाटेवरच्या म्युरिएल

ज्युडिथ ब्रेअरने म्युरिएल ऑडींना पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. लग्न होऊन लीड्स शहरातून हेल्मथ्वेट या खेड्यात येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. शुक्रवारची सकाळ होती. समोरच्या चढावरून, मेंढ्यांच्या कुरणातून एक उंच, सडसडीत बाई कापडी पिशवी घेऊन खाली येत होती. ओढ्याच्या अलीकडे वाटेच्या कडेला एक लांबट, सपाट धोंडा होता. तिथे ती थांबली, पिशवी धोंड्यावर ठेवली, हात मोकळे सोडून क्षणभर उभी राहिली आणि मग पिशवी उचलून चर्चकडे चालू लागली. दमली असेल, असं ज्युडिथला वाटलं. पण पुढच्या शुक्रवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. पिशवी तर इतकी हलकी की वाऱ्याने हेलकावे खात होती.

शेवटी न राहवून तिने टपालाच्या दुकानात विचारलं.

"ती होय? म्युरिएल. चर्चमधलं पितळ घासायला जाते," दुकानदारीण म्हणाली.

"पण पिशवी धोंड्यावर कशाला ठेवतात?"

"ओझं असलं की ठेवायचं असतं."

"का?"

दुकानदारीण चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. "का, लीड्सला नाही ठेवत?"

कारण कळायला ज्युडिथला अजून एक वर्ष लागलं, आणि तेही खुद्द म्युरिएलबाईंकडून. वरच्या हाय रिग वस्तीला स्वतःची दफनभूमी कधीच नव्हती. तिथलं माणूस गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन पाऊण मैल खाली हेल्मथ्वेटच्या चर्चला आणायची, आणि ओढा ओलांडण्याआधी खांदे बदलायला ती त्या धोंड्यावर टेकवायची. म्हणून ती पेटीची वाट आणि तो पेटीचा धोंडा. शेवटची पेटी उतरली ती सत्तेचाळीसच्या बर्फात. रस्ता सहा आठवडे बंद होता. ती पेटी म्युरिएलबाईंच्या आजोबांची. मागून चालणाऱ्यांत अकरा वर्षांच्या म्युरिएलही होत्या, वडिलांचे मोजे बुटांवरून चढवून. त्यानंतर पेट्या मोटारीतून यायला लागल्या. पण हाय रिगचं माणूस हातात काही घेऊन खाली येत असेल तर ते धोंड्यावर टेकवल्याशिवाय पुढे जात नसे. मग ते पीठ असो की पितळ घासायची फडकी.

म्युरिएलबाईंनी सव्वीस वर्षं गावच्या शाळेत मुलांचं जेवण रांधलं. नवरा लेनर्ड दगडी बांध रचायचा. तो गेल्यावर त्या हाय रिगच्या शेवटच्या घरात एकट्या राहत. त्यांची एक खोड गावात प्रसिद्ध होती. विचारल्याशिवाय त्या काही करत नसत. कुंपणावरची, कुणाच्याही मालकीची नसलेली काळी बोरं तोडायची तरी आधी जवळचं घर गाठून विचारणार. आभाराचं पत्र आलं तर त्या पत्राबद्दल आभाराचं पत्र धाडणार. खाणीतला डेझमंड फॉसेट म्हणायचा, म्युरिएल स्वतःच्या घराचं दारही वाजवून आत शिरते.

पेटीची वाट बेकसाइडच्या शेतवाडीच्या अंगणातून जाते. वाडी विल्फ्रेड आल्डर्सनची होती. तो गेला, मुलांनी ती विकली, आणि दक्षिणेकडच्या मिस्टर कॅल्थॉर्पनी घेतली. माणूस वाईट नव्हता. पण सुट्टीत फिरायला येणाऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याने त्यांच्या अकरा कोंबड्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी आली.

त्या शुक्रवारी म्युरिएलबाई फाटकापर्यंत आल्या, साखळीकडे पाहिलं आणि माघारी फिरल्या. चर्चला त्या दीड तास उशिरा पोचल्या, रस्त्याने अडीच मैल चालून. त्या रस्त्याला पदपथ नाही, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि दुधाचे टँकर बांधाला घासून जातात. त्यांचं वय तेव्हा ऐंशी. बस बुधवारी एकच. मुख्य म्हणजे, लेनर्ड आणि आजोबा दोघेही त्या चर्चच्या आवारात होते.

ज्युडिथ एव्हाना गावच्या कौन्सिलची कारकून झाली होती. बत्तीस वर्षं राहूनही गावाच्या लेखी ती लीड्सचीच होती, पण कागद घेऊन लोक तिच्याकडेच येत. म्युरिएलबाई आल्या त्या हॅट घालून, म्हणजे काम गंभीर होतं.

"मी केक घेऊन गेले होते त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "भला आहे बिचारा. मला चावी देत होता."

"मग तर झालंच की."

"नाही घेतली. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? तर म्हणाला, बाकीच्यांना नाही, फक्त तुम्हाला." त्या जरा वेळ हातमोजे सारखे करत बसल्या. "माझ्या आजोबांना कुणी चावी दिली नव्हती, ज्युडिथ. चावीने जायचं म्हणजे मी त्याच्या घरातून जाणार. मला वाटेने जायचंय."

ज्युडिथने जिल्ह्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, सोबत फॉर्मचा गठ्ठा. जिल्ह्याच्या नकाशावर ही वाट कधी नोंदलेलीच नव्हती. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नोंदवायची कशाला, असं तेव्हाच्या कौन्सिलला वाटलं असणार. आता नोंदवायची तर फाटक बंद होण्याआधीची सलग वीस वर्षं लोक त्या वाटेने उघडपणे जात होते, हे साक्षींनी दाखवायचं होतं. सगळं गाव एका सुरात म्हणालं, साक्ष द्यावी तर म्युरिएलने.

म्हणून ज्युडिथ फॉर्म घेऊन हाय रिगला गेली. किटली चुलीवर, टेबलावर आल्याचा केक. किती वर्षं जाता? आठवतं तेव्हापासून. किती वेळा? दर शुक्रवारी, रविवारी आणि सणावारी वेगळं. वाटेत कधी अडवलं? कधीच नाही. ज्युडिथचं पेन भराभर चाललं होतं. मग नववा प्रश्न आला.

"या वाटेने जायला तुम्ही जमीनमालकाची परवानगी कधी मागितली होती का?"

"अर्थात," म्युरिएलबाई म्हणाल्या. "दरवर्षी."

ज्युडिथचं पेन थांबलं.

"नाताळच्या आधीच्या शुक्रवारी. मुरांब्याची बरणी घेऊन जायची आणि म्हणायचं, विल्फ, यंदाही तुझ्या अंगणातून गेले तर चालेल ना? तो म्हणायचा, जा. लेनर्डच्या आईनेही हेच केलं."

"म्युरिएल," ज्युडिथ सावकाश म्हणाली, "तुम्ही खरंच विचारत होता, की नाताळच्या शुभेच्छा देताना आपलं असंच बोलायचं म्हणून?"

"विचारत होते. शुभेच्छा वेगळ्या दिल्या."

ज्युडिथला कायदा समजावून सांगावा लागला. वाट लोकांची ठरायची तर लोक ती आपलीच समजून चाललेले असावे लागतात. परवानगी घेऊन चाललेलं माणूस मालकाच्या मर्जीने चाललं, असा अर्थ होतो. त्या हिशेबाने म्युरिएलबाईंचं सगळं आयुष्यभराचं चालणं एका रकान्यात बाद झालं होतं.

म्युरिएलबाईंनी किटली चुलीवरून उतरवली.

"म्हणजे मी उद्धटपणा केला असता तर वाट राहिली असती?"

"उद्धटपणा नाही. नुसतं विचारलं नसतं तर."

"तेच ते," म्युरिएलबाई म्हणाल्या. मग फॉर्मवर बोट ठेवलं. "तिथे हो लिही. आहे ते आहे."

ज्युडिथने लिहिलं. घरी परतताना तिला स्वतःचाच राग येत होता, आणि तो रकाना कोरा सोडता आला असता का, हा विचारही मनातून जात नव्हता. दोन दिवसांनी म्युरिएलबाईंचा फोन आला. त्यांना डेझमंड फॉसेटकडे जायचं होतं, ज्युडिथ गाडीतून सोडेल का?

ज्युडिथला आश्चर्य वाटलं. म्युरिएल आणि डेझमंड एकवीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका रविवारी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, म्युरिएलबाईंनी त्याला विचारलं होतं की तू कुत्र्याला घेऊन रोज विल्फच्या अंगणातून जातोस, विल्फला कधी विचारलंस का? आणि त्याने उत्तर दिलं होतं, वाटेला विचारलं, ती हो म्हणाली.

डेझमंडने दार उघडलं. साठी उलटलेला, खांदे अजून खाणकामगाराचे. पायाशी कुत्रा.

"म्युरिएल ऑडी. चुकून आलीस की विचारून?"

"दार वाजवलंय. ऐकू येत नसेल तर तो तुझा दोष."

"आत ये. पाय पूस, म्हणायची गरज नाही तुला."

त्या आत आल्या, पाय पुसले, खुर्ची दाखवेपर्यंत उभ्या राहिल्या. मग एका दमात सगळं सांगितलं: फॉर्म, नववा प्रश्न, मुरांबा. डेझमंड ऐकत होता. मुरांब्याशी आल्यावर त्याने तोंडावरून हात फिरवला.

"म्हणजे एवढी वर्षं विल्फला मुरांबे चारून तू आपल्याच वाटेच्या मुळावर उठलीस."

"हो."

त्या इतक्या सरळ हो म्हणाल्या की त्याला पुढे टोमणा मारता येईना. त्याने कुत्र्याचं डोकं खाजवलं.

"आणि आता मी हवा आहे. मी, निर्लज्ज."

"तूच हवा आहेस. तू कधी विचारलं नाहीस. विचारलंस का?"

"शपथेवर सांगतो, मरेपर्यंत विचारणार नाही."

"मग सही कर."

त्याने सही केली. म्हणाला, गुरुवारी हाय रिगला डार्ट्सचा, फळीवर बाण फेकायचा खेळ असायचा, तिथून परतताना आम्ही सगळेच अंगणातून यायचो, पण कोण कोण ते आता कुठे आठवतंय.

"मला आठवतंय," म्युरिएलबाई म्हणाल्या. "तू, बार्नबी हर्ड, ते दोघे रॉथरे भाऊ, खाटकाचा जेफ्री. पंच्याण्णवपासून पोस्टातला कीथ. सगळ्यांना मीच जेवू घातलंय शाळेत. माझ्या खिडकीखालून जायचात. एकानेही कधी विचारलं नाही. मी विल्फला म्हटलंही होतं, काय ही पोरं."

ज्युडिथने पिशवीतून नवा फॉर्म काढला. दुसऱ्यांना वाटेने जाताना पाहिलं असेल तर ते लिहायलाही त्यात एक पान होतं.

वर्षभराने जिल्ह्याचा अधिकारी आला. तरुण, नीटनेटका, बुटांना चिखल. त्याने साक्षीचे फॉर्म भरलेल्या सातही जणांना कौन्सिलच्या खोलीत बोलावलं. मिस्टर कॅल्थॉर्पही आले होते. म्युरिएलबाईंची पाळी आली तेव्हा त्याने त्यांचा पहिला फॉर्म बाजूला ठेवला आणि दुसऱ्याबद्दल विचारलं.

"या माणसांपैकी कुणी मिस्टर आल्डर्सन यांची परवानगी घेतली असेल, तुम्हाला कळलं नसेल, असं होऊ शकतं?"

"नाही."

"एवढी खात्री?"

"मी दरवर्षी विल्फला विचारायचे, यंदा कुणी येऊन गेलं का म्हणून. तो म्हणायचा, तुझ्याशिवाय कोणी येत नाही, म्युरिएल." त्या भिंतीशी बसलेल्या रांगेकडे वळल्या. "वीस वर्षांत एकही नाही. लाज नाही एकालाही."

डेझमंडने मान खाली घातली. खांदे मात्र हलत होते. अधिकाऱ्याने ते शब्दशः लिहून घेतलं. मिस्टर कॅल्थॉर्पना काही विचारायचं आहे का, असं त्याने म्हटल्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आणखी सात महिन्यांनी वाट जिल्ह्याच्या नकाशावर आली. मिस्टर कॅल्थॉर्पनी साखळी काढली आणि एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक स्वतः बसवून घेतलं, कोंबड्यांसाठी जाळीही. निकालाचं पत्र ज्युडिथनेच हाय रिगला नेऊन दिलं. म्युरिएलबाईंनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "आता मात्र कुणाला विचारायचं नाही?"

"कुणालाही नाही."

"जड जाईल," त्या म्हणाल्या.

आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी घेतात. शुक्रवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग भरायला लागल्यामुळे पितळ घासायला हल्ली त्या मंगळवारी जातात. वाट मात्र तीच, आणि ओढ्याच्या अलीकडे पिशवी अजूनही धोंड्यावर टेकवतात.