मधोमध बसवलेले काका

मावशीच्या पुतण्यानं सांगलीत कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स केला, एका फोटो स्टुडिओत चिकटला आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात कॉम्प्युटर लांबून बघितलेली माणसंही कमी, त्यामुळं ह्याचं फावलं. दोन बोटांनी बटणं शोधत बसणारा हा गडी, पण भावकी त्याला खुर्ची द्यायची आणि स्वतः घोंगड्यावर बसायची.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, मिल्ट्रीत होते. तिकडं लांब नोकरीवरच आजारपणानं गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तरी भिंतीवर लावायला त्यांचा फोटो नव्हता. लग्नातला रोल फोटोग्राफरनं उजेडात उघडून वाया घालवलेला, आणि सुट्टीवर आले की काका स्टुडिओत कशाला जातात, ते रानात जायचे. राहिला होता तो कागदपत्रांसाठी काढलेला, वर्दीतला, अंगठ्याएवढा. मावशीची नजर अधू होत चाललेली. चुलीपुढनं मान वर केली की त्यांचं तोंड दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

पुतण्या म्हणाला, मी मोठा करून देतो. मावशीला घेऊन मी सांगलीला गेले. त्यानं फोटो पडद्यावर आणला आणि ताणायला लागला, तर काकांचं तोंड फुटून नुसते चौकोन दिसायला लागले. मग साहेबांनी युक्ती काढली. फोटो पोस्टकार्डाएवढाच ठेवायचा आणि भोवतीचा कागद वाढवायचा. त्याला तो कॅनव्हास म्हणत होता. नऊ घरांची एक चौकट आली, त्यातल्या मधल्या घरावर त्यानं टिचकी मारली आणि काका भल्यामोठ्या पांढऱ्या कागदाच्या बरोब्बर मधोमध जाऊन बसले. सुताचा फरक नाही, हे त्यानं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की मला शिसारी आली. मग कोरं बरं दिसत नाही म्हणून त्यात निळं आभाळ भरलं, वर ढग सोडले. जन्मभर चिखल तुडवलेला माणूस, त्याला ढगात नेऊन टांगला!

मावशीनं एकच विचारलं, "तोंड दिसंल न्हवं रं?"

"काकी, वेशीपास्नं दिसंल," तो म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी फ्रेम सोप्यातल्या भिंतीवर चढली. दाराएवढी नव्हे, पण खिडकीएवढी नक्की. भावकीनं माना डोलावल्या. एका थोरल्या माणसानं तर दोरी लावून चारी बाजू मोजल्या आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. मग मावशीचे दीर पुढं झाले आणि झेंडूचा जाडजूड हार फ्रेमला घातला.

हार वरच्या दोन कोपऱ्यांवरून खाली आला आणि त्याचा गोंडा नेमका मधोमध थांबला. काकांच्या तोंडावर. खाली हातभर निळं आभाळ मोकळंच.

उभ्या जन्मात मेलेल्यांच्या फोटोला हार घालत आलेली ही माणसं! फोटोवाले तोंड वर घेऊन खाली जागा का सोडतात, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. माझ्याही नाही, पण मी कुठं कोर्स केला होता? आता सगळे हार वर ओढत होते, बाजूला सारत होते, तो आपला घसरून परत नाकावर. आणि पुतण्या काय म्हणाला असेल? हार आखूड आणलाय म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरचं सगळं बरोबर होतं.

मावशी उठली. पुढं जाऊन तिनं हार काढला आणि खाली पाटावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या तसाच," म्हणाली. दीर कुरकुरले, बिनहाराचा फोटो बरा दिसत नाही म्हणाले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

त्या फोटोला नंतर कधी हार पडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात आटपाडीकडचे एक गृहस्थ म्हैस बघायला आले. मी आणि पुतण्या तिथंच होतो. चहा पिता पिता त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. फोटो वर्दीतला, हार नाही.

"मालक मिल्ट्रीत हाईत व्हय? सुट्टीला कवा येत्यात?"

पुतण्यानं सांगायला तोंड उघडलं. मी त्याचा पाय असा दाबला की त्याचा चहा सांडला. मावशीनं पदर सारखा केला, मान वर करून फोटोकडं बघितलं.

"अजून रजा मंजूर झाली न्हाई," ती म्हणाली.