अकरा फुटांची आई

कला माणसाला उंचीवर नेते म्हणतात. मला ती अमरावतीत एका स्टुलावर घेऊन गेली. आज चित्राच्या कोळशाचा वास आला आणि ते प्रदर्शन आठवलं. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकात उभी असलेली माझी आई मी कागद जोडून अकरा फूट उंच काढली होती. स्टुलावर चढून लावायला घेतली, तर भिंत नऊ फुटांची निघाली.

"खालचे दोन फूट कापा. फक्त पायच जातील," आयोजक कात्री पुढे करत म्हणाले.

"काहून?" शेजारी उभी आई म्हणाली. "जलमभर त्याच पायांवर उभी आहो मी. भिंत वाढवा तुमची."

मी कात्री परत दिली. चित्रातले पाय फरशीवर पसरले ते पसरलेच. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे त्या पायांशी वाकले, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांचा चष्मा खाली पडला होता.