मैदानात कोसळलेल्या विपुलची आई

उज्वलाला फुटबॉलमधलं फारसं कळत नसे. तुडील गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. मुलगा विपुल परराज्यातल्या एका मोठ्या संघाकडून खेळतो, त्याला त्याचा पगार मिळतो, एवढंच ती कौतुकाने सांगायची. तिचा नवरा सुनील मुंबईत गोदामात कामाला. विपुल शाळेच्या वयातच वडिलांकडे राहायला गेला आणि तिकडच्या मैदानांवर तयार झाला. गावी आला की तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी पोटभर खायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीला पळायला घेऊन जायचा. सलोनी पोलीस भरतीची तयारी करत होती.

त्या रविवारी दुपारी सामना टीव्हीवर होता. बौद्धवाडीतली माणसं उज्वलाच्या घरी जमली होती. मध्यंतरानंतर खेळ नुकता सुरू झाला होता. चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना विपुल थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि तोंडावर पडला. त्याला कोणी धक्का दिला नव्हता. जवळ कोणी नव्हतंच.

"उठंल आता," कोणीतरी म्हणालं.

खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं. आत कोणीतरी त्याची छाती दाबत होतं, दाबणाऱ्याचे खांदे तेवढे वरखाली होताना दिसत होते. मग जाहिरात लागली. उज्वला जाहिरात संपायची वाट बघत बसली. सलोनीने टीव्ही बंद केला तशी ती ओरडली, "लाव गो, लाव! माझा पोरगा हाय तिथं."

संध्याकाळी सुनीलचा फोन आला. "आपला विपुल गेला," एवढंच त्याने सांगितलं.

सावित्री नदीच्या काठावर विपुलला निरोप द्यायला महाड-पोलादपूरची शेकडो माणसं आली. नंतर बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे नजर लागली. कोणी म्हणे, हे खेळाडू ताकदीसाठी काहीबाही टोचून घेतात. हे ऐकून उज्वलाने पाणी भरायला बाहेर जाणंच सोडलं.

विपुलचा जलदानविधी उरकल्यावर संघाच्या डॉक्टरांनी फोन केला. शवविच्छेदनात विपुलच्या हृदयाचा स्नायू जाड निघाला, हा आजार घराण्यातून येतो, असं त्यांनी समजावलं. "घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. तुमच्याकडे आधी कोणी असं अचानक गेलं होतं का?"

सुनीलने नाही म्हटलं. उज्वलाला मात्र आठवलं. तिचा बाप सोमा ऐन चाळिशीत पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन घाटी चढताना गेला होता. ऊन लागलं, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

"म्हंजे माझ्याकडूनच गेलं ते," ती म्हणाली. सुनील तिच्याकडे बघत राहिला, पण तसं नाही, असं म्हणाला नाही. त्याचं ते न बोलणं तिला फार लागलं.

पनवेलला तपासण्या झाल्या. सुनीलचं हृदय चांगलं निघालं. उज्वलाला आजार होता आणि सलोनीलाही. डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. "चालायला हरकत नाही. पण जोरात पळायचं नाही."

"मग माझी भरती?" सलोनीने विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर सलोनीने गोळ्यांची पिशवी फळीवर टाकली. "दादा इतकी वर्षं खेळला ना? मलाच काय होतंय लगेच!" ती आईशी बोलेनाशी झाली. काही दिवसांनी उज्वलाला मोरीजवळ तिचे बूट चिखलाने भरलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उज्वला तिच्या मागोमाग निघाली. नदीकडच्या रस्त्यावर सलोनी पळू लागली. उज्वलाने हाका मारल्या, पण पोरगी थांबेना. तेव्हा उज्वलाने साडी वर खोचली, चपला काढून टाकल्या आणि ती पळत सुटली.

सलोनीने मागे वळून पाहिलं. "आई, थांब! वेडी झालीस का?"

"तू पळ. मी पन पळतंय," उज्वला धापा टाकत म्हणाली. "मला पन तेच हाय ना?"

"आई, नको गो!" सलोनी माघारी धावत आली आणि तिने आईला घट्ट धरलं. दोघी तिथेच रस्त्याच्या कडेला बसल्या. विपुल गेल्यापासून सलोनी पहिल्यांदा रडली. उज्वला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या छातीत धडधडत होतं, पण ते तिने सांगितलं नाही.

सलोनीने पळणं सोडलं. गोळ्या घेते, पण पुढे काय करायचं हे तिला अजून सुचलेलं नाही. वर्दीतल्या मुली दिसल्या की ती तोंड फिरवते.

उज्वलाचा भाऊ दीपक पोलादपूरला राहतो. त्याचे दोन्ही मुलगे क्रिकेट खेळतात. तपासणीचं सांगायला ती गेली तेव्हा भावजय म्हणाली, "आमची पोरं धडधाकट हायत. उगाच अभद्र कशाला बोलता?"

"विपुल पन धडधाकटच होता," उज्वला म्हणाली.

दीपकने विषय बदलला. पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली, तशी उज्वला पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला दीपकने थोरल्याला पनवेलला नेऊन तपासून आणलं. त्याला काही निघालं नाही. धाकट्याला अजून नेलेलं नाही. उज्वलाच्या खेपा चालूच आहेत.