आपा पाणी मागायची

आपा मान वर करून पाणी पीत होती. तांब्या ओठांना न लावता, वरून धार सोडून. डोळे छताकडे. तेवढ्यात त्या घरच्या नवऱ्याने खलबत्त्यातला बत्ता उचलून बायकोवर फेकून मारला. बायको आपाच्या मागे बसली होती, ती वाकली आणि बत्ता आपाच्या कानामागे लागला. तोंडातलं पाणी तसंच बाहेर आलं आणि ती कुशीवर कलंडली.

मी समोर लसूण सोलत बसले होते. हातातली पाकळी पूर्ण सोलली, मग उठले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

आपा मुसलमान, परकर शिवायची. माझी पिठाची गिरणी. अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत आम्ही दोघी बरीच वर्षं एक काम करत होतो. ज्या घरात मारहाण चालू असेल तिथे जाऊन बसायचं. गिरणीवर बायका येतात, दळण होईपर्यंत कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतं. मी आपाला हाक मारायची, ती मशीनवरून उठायची.

पद्धत तिची. दारात उभं राहून ओरडायचं नाही. नवऱ्याला शिकवायचं नाही, बायकोला अमुक कर म्हणायचं नाही. फक्त त्याच्याकडे पाणी मागायचं. "बेटा, जरा पानी पिलाते क्या?" एवढंच. कितीही पेटलेला माणूस असो, दारात आलेल्या म्हाताऱ्या बाईला पाणी नाही म्हणत नाही. पाणी द्यायचं तर हातातलं खाली ठेवावं लागतं, माठापर्यंत जावं लागतं. परत येईपर्यंत त्याचा श्वास जरा खाली आलेला असतो. मग आम्ही लसूण नाहीतर शेंगा सोलत बसायचो, तो जेवेपर्यंत. उपाय म्हणून हा फार मोठा नाही. त्या दिवसापुरता होता. पुष्कळ घरांत चालला.

बत्ता मारणारा हा मुलगा आमच्यातलाच, मराठी. अफझलगंजला एका दुकानात माल उतरवायचा. त्याची बायको नांदेडकडची, नवीनच आलेली. आम्ही दारात गेलो तेव्हा तिची वेणी त्याच्या मुठीत होती.

"या," तो म्हणाला. "मावशी, गिरणी बंद पडली काय तुमची? इथं काय दळायला आलात?"

"मेरेकू प्यास लगी बेटा," आपा म्हणाली. "इसका गिरनी का पीठ गले में जाता."

त्याने वेणी सोडली. आम्ही आत जाऊन बसलो. मुलगी सरकत आपाच्या मागे गेली. त्याने माठातून पाणी काढलं, पण न्हाणीतल्या प्लास्टिकच्या मगात. आपाने तोच घ्यायला हात पुढे केला. तीच पोरगी मागून हळू म्हणाली, "मगात नका देऊ, आपांना तांब्या द्या."

वाईट काही बोलली नव्हती. पण आमच्यासमोर बोलली. त्याने तांब्या भरून दिला, मग उभाच राहिला. मला वाटलं, झालं, उतरला राग. हिंदूंच्या घरी आपा नेहमी वरूनच पाणी प्यायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्याकडे मात्र तोंड लावून प्यायची.

बत्ता लागल्यावर शेजाऱ्याच्या रिक्षातून आपाला सरकारी दवाखान्यात नेलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. रडू आलं नाही. वाटेत भाजीबाजाराजवळ गर्दीत अडकलो, तेव्हा गिरणीत कुणाची तरी ज्वारी तशीच टाकून आले हे आठवलं.

मुलीची सासू दवाखान्यात आमच्या आधी पोचली होती. सुनेला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई पाय घसरून पडली म्हण. तो सुधारेल आता. तुला तरी दुसरं कोण आहे?"

खरंच कुणी नव्हतं. माहेरचे परत घेणार नव्हते, हे तिनेच गिरणीवर सांगितलं होतं. नवरा आत गेला तर राहायचं कुठे, खायचं काय. ती माझ्याकडे बघायला लागली. बायकोला अमुक कर म्हणायचं नाही. मी काय पाहिलं ते मी सांगणारच होते, पण तिचं तिने ठरवायचं होतं.

पोलीस आला. सासू बोलायला लागली, "अहो, ती बाई म्हातारी, घसरली आणि—"

"मैं देखी," मुलगी आपाच्या बोलीत म्हणाली. "इनेइच मारा. मेरेकू मारने गया, आपाकू लगा."

सासूने तिथेच तिच्या थोबाडीत मारली. पोलिसाने ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

त्या रात्रीपासून मुलगी माझ्याकडे राहते. दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडली. लोकांना पीठ लागतं.

यंदा महिला दिनाला तारनाक्याच्या एका हॉलमध्ये मला बोलावून शाल दिली. आपाचा फोटो लावला होता, हार मोठा होता. पुण्याकडून इकडे नोकरीला आलेली एक मुलगी माइकवर होती. तिने विचारलं, "आजी, त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं?"

"काही नाही," मी म्हणाले.

लोकांना वाटलं मी लाजते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर बायकांनी विचारलं, अजून जाता का कुणाच्या घरी? म्हटलं, जाते. आता ती मुलगी सोबत असते. पाणी तीच मागते. ती पिताना मी त्या घरच्या नवऱ्याच्या हाताकडे बघत राहते.

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. आपा दवाखान्यातच वारली, शुद्धीवर आली नाही. तो तुरुंगात आहे. ती मुलगी वाचली, आणि मी.